शाबासकीचे वाटेकरी

मुलांनो,

शाळेतून एखादे गुरुजी किंवा शिपाईकाका निवृत्त झाले की निरोप समारंभ होतो. शाल, श्रीफळ, हार आणि भाषणं! बहुतेक भाषणांत एकच वाक्य ऐकू येतं, 'ते फार चांगले होते.' पण त्यांनी नेमकं काय केलं, हे कितीजण सांगतात? आज तुम्हांला एका नेमक्या शाबासकीची गोष्ट सांगते.

तुमच्या पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला भारताच्या संविधानाची उद्देशिका असते ना? ते संविधान तयार करण्यासाठी ९ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभा पहिल्यांदा भरली. सभासद नाना प्रांतांचे, नाना मतांचे. पण कायदा लिहायचा म्हणजे नुसतं मत असून भागत नाही. दुसऱ्या देशांनी काय केलं, अमुक शब्दाचा कोर्टात काय अर्थ लागेल, हे सांगणारा जाणकार लागतो. हे काम सर बेनेगल नरसिंह राव यांच्याकडे होतं. ते पूर्वीचे आय. सी. एस. अधिकारी आणि कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायाधीश. जुलै १९४६ मध्ये ते सभेचे घटनात्मक सल्लागार झाले.

आता गंमत पाहा. वकील एरवी एका बाजूने भांडतो. रावांचं अशील मात्र अख्खी सभा! ज्याला प्रश्न पडेल त्याला माहिती पुरवायची, मग त्याचं मत काहीही असो. त्यांचे धाकटे भाऊ बी. शिवराव सभासद होते. राव स्वतः नव्हते. त्यामुळे त्यांना सभेत मत देता येत नव्हतं. आणि हे सगळं काम त्यांनी पगार न घेता केलं, बरं का!

ऑक्टोबर १९४७ मध्ये त्यांनी संविधानाचा कच्चा मसुदा तयार केला. त्यात २४३ कलमं आणि १३ परिशिष्टं होती. मग ते अमेरिका, कॅनडा, आयर्लंड आणि ब्रिटन इथल्या जाणकारांना भेटून आले. अमेरिकेत न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी त्यांना सावध केलं. लोकांनी निवडून दिलेल्यांचा कायदा रद्द करण्याचा फार मोठा अधिकार न्यायाधीशांना मिळेल, असे शब्द घालताना विचार करा, असं त्यांचं म्हणणं. रावांनी ते इथे येऊन सांगितलं. मसुदा समितीने माणसाच्या जीविताविषयीच्या आणि स्वातंत्र्याविषयीच्या कलमातले शब्द बदलले. त्यावरून सभेत कडाडून वाद झाला! तेच आजचं २१ वं कलम. पुढे १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ पुष्कळ व्यापक केला. म्हणजे सल्लागाराने सांगायचं, ठरवायचं मात्र सभेने, आणि ठरलेलंही पुढे तपासलं जातं.

'मग संविधान डॉ. आंबेडकरांनी लिहिलं की रावांनी?' असा वाद कधीकधी मोठी माणसंही घालतात. तुम्ही आकडेच पाहा. रावांची कलमं २४३. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष असलेल्या मसुदा समितीच्या मसुद्यात ३१५. शेवटी संविधानात ३९५! वाटेत हजारो दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, आणि सभेत उभं राहून मसुद्याची बाजू मांडण्याचा, आक्षेपांना उत्तरं देण्याचा मोठा भार बाबासाहेबांनी वाहिला.

आणि या वादाचं उत्तर बाबासाहेबांनी स्वतःच देऊन ठेवलंय. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी सभेत सगळे त्यांचं कौतुक करत होते. तेव्हा ते म्हणाले, की हे श्रेय खरं म्हणजे माझं नाही. काही वाटा रावांचा, कारण कच्चा मसुदा त्यांनी केला. काही वाटा समितीच्या सदस्यांचा, कारण समिती १४१ दिवस बसली. आणि त्याहून मोठा वाटा मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांचा, कारण किचकट गोष्ट सोप्या, स्पष्ट कायद्याच्या भाषेत मांडण्याची त्यांची हातोटी.

दुसऱ्या दिवशी, २६ नोव्हेंबरला, अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद यांनीही रावांनी विनावेतन काम केल्याचं आणि सभासदांना अभ्यासाचं साहित्य पुरवल्याचं आवर्जून सांगितलं. तोवर राव सल्लागारपद सोडून संयुक्त राष्ट्रसंघात भारताचं काम पाहायला गेले होते. समोर नसलेल्या माणसाचं हे कौतुक! त्यात 'फार चांगले होते' एवढंच नव्हतं. कोणी काय केलं, ते होतं. श्रेय वाटून बाबासाहेबांचं मोठेपण कमी झालं का? उलट वाढलंच की!

रावांचं आणखी एक सांगते. १९५२ मध्ये ते आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि ३० नोव्हेंबर १९५३ रोजी वारले. पुस्तकांत त्यांचं नाव एखाद्या ओळीपुरतं येतं. मुखर्जींचं तर तेवढंही नाही.

तर मुलांनो, या आठवड्याचा उपक्रम. गॅदरिंगला पडदा ओढणारा, सामन्यात गुण लिहिणारी, शाळेची घंटा वेळेवर देणारे काका, यांपैकी एकाची निवड करा. त्यांनी केलेली तीन नेमकी कामं वहीत लिहा आणि त्यांना वाचून दाखवा. आईबाबांनाही विचारा, त्यांच्या कामात असं कोण आहे? मग ती माणसं काय म्हणाली, ते मला पत्राने कळवाल ना?

तुमच्या,
बाई