भार आणि वण

मेघदूत शिकवताना उत्तरमेघातील यक्षपत्नीच्या वर्णनापाशी वर्ग नेहमीच थोडा शांत होतो, मागच्या बाकांवरून दबके हसू येते, आणि शिकवणारा ‘येथे कवीने स्त्रीसौंदर्याचा आदर्श वर्णिला आहे’ असे एक सुरक्षित वाक्य टाकून पुढच्या श्लोकाकडे वळतो. स्तनांच्या भाराने किंचित वाकलेली स्त्री ही संस्कृत काव्यातील सुंदर स्त्रीची जवळजवळ ठरीव खूण आहे. कालिदासाने ती निर्माण केली नाही, आणि ती त्याच्यापाशी संपलीही नाही; मंदिरांच्या भिंतींवरून ती दिसते, पुढे आपल्या शाहिरांच्या शृंगारिक रचनांतही थोड्या निराळ्या पोशाखात भेटते. मला लक्ष वेधायचे आहे ते ‘भार’ या शब्दाकडे. हा शब्द कवींनी पुरत्या शुद्धीत वापरलेला आहे. त्यांना वजन दिसले होते, त्या वजनाने शरीर वाकते हेही दिसले होते. वाकलेल्या पाठीला काय वाटत असेल, एवढाच प्रश्न काव्याच्या कक्षेत आला नाही. काव्य पाहणाऱ्याने लिहिले. वाहणारी लिहायला बसली नव्हती.

मी वाहणाऱ्यांपैकी आहे, आणि गेली एकोणीस वर्षे व्यासपीठावर उभी राहून हे काव्य शिकवते आहे. वर्णन लांबवीत नाही. खांद्यांवर अंतर्वस्त्राच्या पट्ट्यांनी पडलेल्या खाचा आता अंगाचाच भाग झाल्या आहेत. दुपारच्या तिसऱ्या तासानंतर मान आणि पाठीचा वरचा भाग आखडतो. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात स्तनांखालच्या घडीत घाम साचून कातडी सोलवटते. पावडरी आणि मलमे यांचे एक छोटे दुकान कपाटात असते. आपल्या मापाची ब्रा दुकानात मिळत नाही आणि ‘या साइजमध्ये नाही येत, मॅडम’ हे वाक्य दुकानदार सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणतो. शल्यविशारदांच्या अंदाजाप्रमाणे दोन्ही बाजूंचे मिळून सव्वा किलोच्या आसपास वजन काढता येईल. सव्वा किलो म्हणजे भाजीच्या पिशवीत काहीच नव्हे. पण ती पिशवी गळ्यात अडकवून कोणी वर्षानुवर्षे शिकवून पाहावे.

ही शस्त्रक्रिया करावी असे मनात आल्यापासून ज्या ज्या कोणाशी बोलले, त्या जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच होता: वण राहतील का? भूल किती वेळाची, धोके कोणते, पाठ खरोखर थांबेल का, हे सारे नंतर. आमच्या सासूबाईंनी तर एका दमात दोन वाक्ये म्हटली. ‘या वयात आता कोण बघतंय?’ हे पहिले. आणि, ‘पण वण राहतील की गं!’ हे दुसरे. या दोन वाक्यांत विसंगती आहे असे त्यांना वाटले नाही, आणि विचार करता माझ्या लक्षात आले की ती त्यांची एकटीची नाही. स्त्रीचे शरीर कोणी पाहत नसले तरी ते पाहिले जाण्यासाठीच असते, हे आपण सर्वांनीच गृहीत धरलेले आहे.

वण राहतात, हे आधी स्पष्ट सांगायला हवे. सर्वांत रूढ पद्धतीत छेद तीन ठिकाणी असतो: स्तनाग्राभोवतीच्या वर्तुळावरून, तेथून सरळ खाली, आणि मग स्तनाखालच्या घडीतून आडवा. इंग्रजी बोलणारे डॉक्टर या आकाराला ‘अँकर’ म्हणतात. मराठीत त्याला नांगर म्हणावे लागेल, आणि मराठीतला नांगर जहाजाचाही असतो व शेतकऱ्याचाही. नांगरलेल्या जमिनीची आठवण करून देणारा हा श्लेष इंग्रजीला सुचणार नाही. या छेदाचा आराखडा रॉबर्ट वाईज या अमेरिकी शल्यविशारदाने १९५६ मध्ये प्रसिद्ध केला आणि तो चक्क ब्रेसियर बेतण्याच्या कागदी नमुन्यांवरून घेतलेला होता. म्हणजे शिंप्याने कापड बेतावे तसे हे शरीर बेतणे आहे. काही स्त्रियांच्या बाबतीत आडवा छेद टाळता येतो. माझ्या बाबतीत येणार नाही. पहिले काही महिने वण लाल, जाडसर आणि खाजरे असतात. वर्ष-दीड वर्षात ते बहुधा सपाट व फिकट होतात. नाहीसे मात्र होत नाहीत.

भाषेच्या अभ्यासकांना येथे एक गंमत दिसेल. संस्कृतातील ‘व्रण’ म्हणजे मुख्यतः जखम. प्राकृतातून झिजत मराठीत आलेला ‘वण’ म्हणजे जखम बरी झाल्यावर उरलेली खूण. ‘र’कार गळाला आणि त्याबरोबर वेदनाही गळाली! आज आपण लिहिताना ‘मनावरचे व्रण’ म्हणून दोहोंची सरमिसळ करतो, ती निराळी गोष्ट. खुणेची चिंता मात्र जुनीच आहे. सुश्रुताने चिकित्सास्थानाच्या पहिल्याच अध्यायात व्रणाचे साठ उपक्रम सांगितले आहेत, आणि त्यांत जखम भरून आल्यावर तेथील त्वचेचा रंग गडद वा उजळ करण्याचे, इतकेच काय त्या जागी पुन्हा केस उगवण्याचेही उपाय आहेत. तेव्हा वणाची काळजी करणे म्हणजे उथळपणा, असे म्हणणाऱ्यांनी आधी सुश्रुताशी वाद घालावा. शरीर पूर्ववत दिसावे ही इच्छा क्षुद्र नाही, आणि ती मलाही आहे.

माझा आक्षेप वेगळा आहे. सगळे वण आपल्याला सारखेच खुपत नाहीत. वीरपुरुषाने घाव छातीवर झेलावेत, पाठीवर नव्हे, असे आपले पोवाडे आणि बखरी वाचून वाढलेल्या समाजाला सांगायला नको. तीच छाती बाईची झाली की तिच्यावरचा वण म्हणजे डाग. बरे, बाईचा प्रत्येक वण डाग ठरतो असेही नाही. सिझेरियनचा वण माझ्या पोटावर आहे. त्याबद्दल मला कोणीही ‘विचार केलास का?’ असे विचारले नव्हते. कान टोचले, नाक टोचले, आजीच्या कपाळावर आणि हातावर गोंदण होते. आमच्या पिढीच्या दंडावर बीसीजीची खूण आहे, आईच्या पिढीच्या दंडावर देवीच्या लशीची. बाळासाठी, कुळाचारासाठी, सरकारी लसीकरणासाठी शरीरावर खूण उमटली तर ती चालते. स्वतःची पाठ दुखू नये एवढ्याचसाठी उमटणार असेल, तर मात्र आपण सौंदर्यमीमांसक होतो.

सिमोना हालेप या रोमानियाच्या टेनिसपटूने २००९ मध्ये, सतराव्या वर्षी, ही शस्त्रक्रिया करून घेतली. पुढे २०१८ मध्ये तिने फ्रेंच स्पर्धा जिंकली आणि २०१९ मध्ये विम्बल्डन. तिची गोष्ट सांगितली की समोरचा लगेच मान डोलावतो: खेळासाठी केले, मग ठीक आहे. तिने स्वतः मात्र सांगितले होते की आपण खेळाडू नसतो तरीही हे केलेच असते. हे वाक्य सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही. कारण चषकाशिवाय, बाळाशिवाय, जीवघेण्या रोगाशिवाय बाईने आपल्या अंगावर सुरी चालवून घ्यावी, याला आपल्याकडे पुरेसे कारण नाही.

दुसऱ्या बाजूने येणारा आक्षेप अधिक गंभीर आहे. माझ्या एका स्त्रीवादी मैत्रिणीचे म्हणणे असे, की आहे ते शरीर स्वीकारण्याऐवजी ते कापून मापात बसवणे ही शेवटी शरणागतीच. हा आक्षेप मी बरेच दिवस मनात घोळवला. पण मला वाटते तो येथे नेम चुकतो. बाजार स्तन वाढवायला सांगतो, आणि वाढवण्याच्या शस्त्रक्रियेत छेद शक्यतो लहान, काखेत किंवा घडीत दडवलेला असतो. येथे उलट आहे. आकार कमी व्हावा म्हणून ठळक वण पत्करायचे आहेत. आणि ‘स्वीकारा’ हा उपदेश कोणी कोणाला करावा, हाही प्रश्न उरतोच. नोरा एफ्रॉन या अमेरिकी लेखिकेने १९७२ मध्ये ‘एस्क्वायर’ मासिकात आपल्या लहान स्तनांविषयी एक अतिशय विनोदी आणि आतून दुखरा लेख लिहिला. त्याच्या अखेरीस ती सांगते की मोठे स्तन असलेल्या मैत्रिणींनी आपापले हाल ऐकवले, पण आपला त्यांच्यावर काही विश्वास बसत नाही. तिचा प्रामाणिकपणा मला आवडतो. दुसऱ्या बाईचे शरीर आतून कसे लागते, हे बाईलाही कळत नाही.

ऑड्री लॉर्ड यांचे नाव अशा चर्चेत हटकून निघते. स्तनाच्या कर्करोगानंतर एक स्तन काढावा लागला असता त्यांनी कृत्रिम स्तन लावण्यास नकार दिला आणि १९८० च्या ‘द कॅन्सर जर्नल्स’मध्ये त्याची कारणे मांडली: ही लपवाछपवी रुग्णाच्या सोयीसाठी नसून पाहणाऱ्याच्या सोयीसाठी आहे. विचार मोलाचा आहे, पण तो मला सरळ उचलता येत नाही. लॉर्ड यांच्यापुढे मृत्यू उभा होता; त्यांचा वण त्यांनी निवडलेला नव्हता. माझा मी निवडणार आहे. त्यांचे धैर्य उसने आणून आपल्या पाठदुखीला नेसवणे मला प्रशस्त वाटत नाही. निवडलेल्या वणाचे समर्थन निवडणारीनेच आपल्या शब्दांत करायला हवे, म्हणून हा लेख.

निवड करताना नेमके काय तोलायचे, याविषयी मात्र थोडे अधिक बोलले पाहिजे. कारण ‘वण दिसेल’ या एकाच भयाच्या गलबल्यात खऱ्या शंका दबून जातात. सावळ्या आणि काळ्या त्वचेत वण जखमेच्या सीमेबाहेर वाढत जाण्याची, म्हणजे केलॉइडची, शक्यता गोऱ्या त्वचेपेक्षा अधिक असते, आणि छाती ही त्याची आवडती जागा आहे. असा वण दिसण्यापुरता नसतो. तो खाजतो, दुखतो, काढला तर पुन्हा वाढू शकतो. तेव्हा इंग्रजी पुस्तकांतली छायाचित्रे पाहून निर्णय घेऊ नये. आपल्या दंडावरची बीसीजीची खूण, टोचलेल्या कानाची पाळी, जुन्या टाक्यांचे वण यांच्याकडे आधी पाहावे. माझ्या पोटावरचा वण एका फिकट रेघेपलीकडे गेलेला नाही. माझ्या दृष्टीने ही सर्वांत महत्त्वाची साक्ष आहे. स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते, क्वचित जाते. छेद जेथे एकमेकांना मिळतात तेथे जखम भरायला वेळ लागतो, धूम्रपान करणाऱ्यांना अधिकच. पुढे मूल व्हायचे असेल तर अंगावर पाजण्याची क्षमता घटू शकते. माझ्या वयात हा शेवटचा प्रश्न उरलेला नाही.

तेवीस वर्षांच्या मुलीला तो असतो. माझी एक विद्यार्थिनी, एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली, हाच प्रश्न घेऊन आली होती. तिचा त्रास माझ्यापेक्षा कमी नाही. वर्गात ती कायम पुस्तके छातीशी धरून, खांदे आत ओढून बसते. तिच्या आईचे म्हणणे होते की लग्न होईपर्यंत नाव काढू नकोस, मुलाकडच्यांना काय सांगणार? ‘मॅडम, तुम्ही आईशी बोला ना,’ असे ती म्हणाली. मी बोलायला तयारही झाले. पण बोलता बोलता तिने केस मागे सारले आणि कानाची पाळी दाखवली. दुसऱ्यांदा टोचले तेथे वाटाण्याएवढी गाठ वाढली होती. डॉक्टरांनीही तिला थांबायचा सल्ला दिला आहे, आणि तूर्त तिने थांबायचे ठरवले आहे. तिच्या आईला वाटते आपले ऐकले. वास्तविक तिने ऐकले ते आपल्या कानाचे, आणि ते मला पटते. निर्णय तोच, पण मुलाकडच्यांसाठी घेतलेला आणि स्वतःच्या त्वचेकडे पाहून घेतलेला यांत मला फरक दिसतो. पहिला उद्या लग्न ठरल्यावर पुन्हा बदलावा लागतो, आणि मग नवऱ्याला विचारून.

विम्याच्या कागदांत हा सगळा वाद दोन शब्दांत मिटवलेला आढळतो. विमा नियामकाने २०१९ मध्ये वगळण्याच्या अटींची प्रमाणित भाषा ठरवून दिली. तीनुसार सौंदर्यासाठीची किंवा प्लास्टिक शस्त्रक्रिया वगळता येते, परंतु अपघात, भाजणे वा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना, आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरने वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक म्हणून प्रमाणित केलेली शस्त्रक्रिया, यांना अपवाद आहे. म्हणजे माझा भार हा अलंकार की व्याधी, हे आता एका प्रमाणपत्रावर ठरणार. उत्तरमेघाचे असे भाष्य मल्लिनाथालाही सुचले नसते! प्रमाणपत्र मिळाले आहे. विमा कंपनीचे उत्तर यायचे आहे; नकार आला तर पैसे आम्ही भरू, तेवढे बाजूला ठेवले आहेत.

शस्त्रक्रिया दिवाळीच्या सुट्टीत, उकाडा सरल्यावर. सुट्टीला जोडून दोन आठवड्यांची वैद्यकीय रजा मागितली आहे. अर्जातील कारणाच्या रकान्यात ‘मणक्याचे दुखणे’ लिहा, असे कार्यालयातील लिपिकबाईंनी हलक्या आवाजात सुचवले. ते खोटेही ठरले नसते. मी ‘स्तन-लघुकरण शस्त्रक्रिया’ असे लिहिले. अर्ज प्राचार्यांच्या टेबलावरून मंजूर होऊन आला आहे, शेरा काही नाही. मेघदूताचा उत्तरार्ध मात्र या सत्रात शिकवून व्हायचा आहे. तो जानेवारीत घेईन.