‘होमली’ म्हणजे कशी हो?

मैत्रिणींनो, रविवारच्या वर्तमानपत्रातलं वधू-वरांचं पान उघडा. ‘होमली मुलगी हवी’ ही मागणी तिथे हमखास सापडेल. आपल्या पापडीतही मुलीचा बायोडेटा टाइप करून घेताना हा शब्द आवर्जून घातला जातो. दिसायला साधासुधा, पण जरा पारखून घ्यावा असा हा शब्द आहे.

‘होम’ म्हणजे घर. त्याला लागलेला ‘ली’ हा ‘लाइक’चाच भाऊबंद, अर्थ ‘सारखा’. मदरपासून मदरली, तसं होमपासून होमली. चौदाव्या शतकात त्याचा अर्थ ‘घराचा, घरातला’ असा होता. घरात कुणी नटूनथटून बसत नाही, म्हणून ‘साधा, बिनडामडौलाचा’ हा अर्थ आला आणि पुढे ‘दिसायला बेताचा’ हाही. इंग्लंडमध्ये होमली जागा म्हणजे आजही घरच्यासारखी जागा. अमेरिकेत मात्र बाईला होमली म्हटलं, तर ‘रूपाने यथातथाच’ असं ऐकू येतं! घरच्यासारख्या जागेला तिकडे ‘होमी’ म्हणतात. तेव्हा स्थळ अमेरिकेतलं असेल, तर हा शब्द गाळलेलाच बरा.

आपल्याकडे त्याने तिसराच संसार थाटला. आपला जुना शब्द ‘गृहकृत्यदक्ष’. त्याचा अर्थ घरकामात तरबेज, एवढाच. ती नोकरी करते की नाही, याबद्दल तो काही बोलत नाही. ‘होमली’ मात्र कुणी ‘स्वयंपाक येणारी’ म्हणून लिहितं, कुणी ‘शांत स्वभावाची’ म्हणून, तर कुणाच्या मनात ‘नोकरी सोडणारी’ असतं. आणि हा शेवटचा अर्थ कळतो लग्न झाल्यावर!

आपल्या वसईच्या कितीतरी बायकांनी भाजी-फुलं घेऊन मुंबईचा बाजार गाठला आणि परत येऊन चूलही पेटवली. त्यांना होमली म्हणायचं की नाही, तुम्हीच सांगा.

म्हणून म्हणते, बोलणी करताना संकोच नको. ‘होमली म्हणजे कशी हो?’ असं सरळ विचारावं. नोकरी चालेल का, पुढे शिकायचं असेल तर काय, हे आधीच बोलून घ्यावं. आणि आपल्या मुलासाठी जाहिरात देताना आपणही मनातलं स्वच्छ मराठीत लिहावं. शब्द मोघम राहिला, तर त्याची किंमत मुलीला मोजावी लागते.