बीटी मका : चाचण्या करा आणि कागद लोकांपुढे ठेवा



२०१८ मध्ये लष्करी अळी महाराष्ट्रात शिरली आणि मक्याचे गणित बिघडले. वाई परिसरात मका मुरघासाला लागतो आणि त्याची कणसे पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवर भाजून विकली जातात. अळी पोंग्यात बसली की फवारणीचा खर्च आलाच. त्यामुळे अळीला मारणारे जिवाणूचे प्रथिन स्वतःच तयार करणाऱ्या, पण आज परवानगी नसलेल्या बीटी मक्याची मागणी वाढत जाणार. प्रश्न आहे तो खाण्यासाठी त्याची तपासणी कोणी आणि कशी करायची, हा.

समर्थक म्हणतात, अमेरिकेत हा मका १९९६ पासून पिकतो, मग तपासायचे काय? बीटी जिवाणूचे प्रथिन अळीच्या अल्कधर्मी आतड्यात काम करते, माणसाच्या आम्लयुक्त जठरात ते सहसा पचून जाते, हे खरे. पण बीटी प्रथिने अनेक आहेत. स्टारलिंक नावाच्या बीटी मक्यातले क्राय-९-सी हे प्रथिन उष्णतेत टिकणारे, सावकाश पचणारे होते. ॲलर्जीच्या शंकेमुळे अमेरिकेने त्याला फक्त पशुखाद्यासाठी परवानगी दिली. तरीही २००० साली तो माणसांच्या खाद्यपदार्थांत सापडला आणि दुकानांतला माल परत मागवावा लागला. तो खाल्ल्याने त्रास झाल्याची तक्रार करणाऱ्यांच्या रक्ततपासणीत ॲलर्जीचा पुरावा मिळाला नाही, पण अशी अट पाळली जात नाही हे दिसले. आपल्याकडे तर एकाच वावरातली कणसे बाजारात आणि धाटे मुरघासात जातात!

विरोधक गाठी आलेल्या उंदरांचे फोटो फिरवतात. ते फ्रान्समधील सेरालिनी यांच्या २०१२ च्या प्रयोगातले. तो मका तणनाशक सहन करणारा होता, कीडरोधक नव्हे. एकेका गटात जेमतेम दहा उंदीर, तेही मुळात गाठी होण्याची प्रवृत्ती असलेल्या जातीचे. संशोधनपत्रिकेने २०१३ मध्ये तो लेख मागे घेतला. पुढे तो दुसरीकडे छापून आला, तरी हे आक्षेप कायम राहिले.

निर्णय अडकून राहिला की काय होते, याचे बीटी वांग्याचे उदाहरण आपल्यापुढे आहे. जालन्याच्या महिको या बियाणे कंपनीच्या या वांग्याला ऑक्टोबर २००९ मध्ये केंद्रीय समितीने मान्यता दिली. ९ फेब्रुवारी २०१० रोजी तत्कालीन मंत्री जयराम रमेश यांनी स्वतंत्र अभ्यास होईपर्यंत त्याला स्थगिती दिली. कंपनीच्या चाचण्यांची माहितीही सर्वोच्च न्यायालयाने बजावल्यावरच खुली झाली होती. ती स्थगिती पंधरा वर्षांनंतरही उठलेली नाही. दरम्यान बांगलादेशाने २०१३ मध्ये हे वांगे स्वीकारले आणि २०१९ मध्ये हरियाणात विनापरवाना बीटी वांगे शेतात सापडले. निर्णय लांबवला की बियाणे चोरवाटेने येते आणि कोणतीही तपासणी न होता लोकांच्या पोटात जाते. कृष्णाकाठच्या वांग्यांचा अभिमान बाळगणाऱ्या आम्हाला याची काळजी वाटायला हवी.

म्हणून तीन मागण्या. पहिली : पचन, उष्णता, ॲलर्जी आणि उंदरांवरील ९० दिवसांच्या चाचण्या नियमांत आहेतच. त्यांचा खर्च कंपनीने सरकारी निधीत भरावा आणि प्रयोगशाळा सरकारने निवडावी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेसारख्या संस्था आपल्याकडे आहेत. दुसरी : निर्णयाआधी संपूर्ण आकडेवारी खुली करावी आणि तिचा गोषवारा मराठीत द्यावा. मराठी विश्वकोश ज्या वाईत घडला तिथून ही मागणी होणे स्वाभाविकच आहे. तिसरी : तुलना शेतातल्या खऱ्या मक्याशी व्हावी. अळीने पोखरलेल्या कणसात बुरशी वाढते आणि फ्युमोनिसिन हे विष तयार होते. फवारून वाचवलेल्या कणसावर कीटकनाशकाचा अंश राहू शकतो. आज आपण खातो त्या मक्याचीही अशीच झडती घेतल्याशिवाय नव्याला घातक किंवा निर्दोष म्हणणे अन्यायाचे ठरेल.

चाचणीत जो मका टिकेल तो शेतकऱ्याला पेरू द्यावा, जो नापास होईल तो कायमचा बंद करावा. मात्र स्थगितीच्या फाइलीत प्रश्न पुरून ठेवणे म्हणजे सुरक्षितता नव्हे.

— एक शेतकरी वाचक, वाई (जि. सातारा)