‘काहीतरी क्लिक केलं असेल तुम्ही!’

आयटीत काम करणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी हे वाक्य असतंच असतं. आई-बाबांचा, सासऱ्यांचा, झालंच तर खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन येतो, "अरे, आमचा कॉम्प्युटर काहीतरी वेड्यासारखं करतोय." आपण मीटिंगमध्ये असतो, अर्धं लक्ष स्क्रीनवर असतं. आपण म्हणतो, "काहीतरी क्लिक केलं असेल तुम्ही. दुकानात द्या, फॉरमॅट मारून देईल तो." फोन बंद, प्रश्न मिटला.

माझं म्हणणं असं, की या उत्तरातला पहिला भाग अन्यायाचा आहे आणि दुसरा बऱ्याचदा बिनकामाचा. दोन्ही मी स्वतः बोललेलो आहे, त्यामुळे आज जरा तावातावाने लिहितोय. सांभाळून घ्या. :-)

तर झालं असं. बाबा त्यांच्या ज्येष्ठ नागरिक संघाची स्मरणिका करत होते. निम्मे लेख जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाईप केलेले, ते युनिकोडमध्ये आणायचे होते. त्यांनी नेटवर कन्व्हर्टर शोधला, पानावर मोठ्ठं हिरवं ‘डाउनलोड’ बटण दिसलं, ते दाबलं. (खरी लिंक खाली बारीक निळ्या अक्षरांत होती. हिरवं बटण ही जाहिरात!) दुसऱ्या दिवसापासून काहीही शोधलं की आधी एक भलतंच पान चमकून जायचं, मग निकाल यायचे, आणि त्यातल्या वरच्या सगळ्या ओळी जाहिरातींच्या. क्रोमच्या मेनूत तळाशी एक नवी ओळ आली होती : हा ब्राउझर तुमच्या संस्थेकडून नियंत्रित केला जातो. बाबांचा फोन आला, "अरे, आपली कुठली संस्था? सोसायटी का?"

मी हसलो. आणि मग वरचं उत्तर दिलं.

दुकानदाराने ६०० रुपये घेऊन फॉरमॅट मारला. डेस्कटॉपवर ठेवलेले स्मरणिकेचे लेख गेले. बहुतेक लोकांकडून ते परत मागवता आले. एक नाही आला, कारण तो लिहिणारे काका मधल्या काळात वारले होते. आणि एवढं सगळं करून चार दिवसांनी बाबांनी क्रोममध्ये आपल्या अकाउंटने लॉगिन केलं, तर ते भलतं पान पुन्हा हजर!

या वेळी त्यांनी मला फोन केला नाही. दोन महिने तसंच वापरत राहिले. गेल्या शनिवारी घरी गेलो तेव्हा माझ्या लक्षात आलं. "बाबा, सांगितलं का नाहीत?" तर म्हणाले, "तू म्हणशील, पुन्हा काय क्लिक केलंत."

दोन महिने त्याच मशीनवर बँकेचं काम चालू होतं. नुकसान काही झालं नाही, पण ते नशीब. माझ्या एका वाक्याने बाबांना आजार लपवायला शिकवलं, ही वस्तुस्थिती.

आता मुद्द्यावर येतो. हे ब्राउझर हायजॅकर नावाचं प्रकरण कशासाठी केलेलं असतं? तुमच्या फाईली त्याला सहसा नको असतात. त्याला तुमचं ‘जाणं’ हवं असतं. स्टेशनबाहेर तुम्ही एका हॉटेलचं नाव सांगता आणि रिक्षावाला म्हणतो, "ते बंद झालं साहेब, मी दुसरीकडे नेतो," तसंच हे. झोपायला खोली मिळते, म्हणून तुम्ही तक्रार करत नाही, आणि लॉजवाल्याकडून त्याचं कमिशन सुटतं. सर्च इंजिनं आपल्याकडे गिऱ्हाईक आणून देणाऱ्या भागीदारांना जाहिरातींच्या उत्पन्नातला वाटा देतात. हायजॅकर तुमच्या आणि सर्च इंजिनाच्या मधे बसतो आणि तुमच्या प्रत्येक शोधावर आपला वाटा काढतो. म्हणून निकाल शेवटी एखाद्या खऱ्या, नावाजलेल्या सर्च इंजिनाचेच दिसतात. सगळं ‘जवळजवळ’ चालू असतं, आणि म्हणूनच माणसं दोन-दोन महिने चालवून घेतात.

हा धंदा किती मोठा असतो? डीएनएसचेंजरचं उदाहरण घ्या. डीएनएस म्हणजे इंटरनेटची टेलिफोन डिरेक्टरी. एस्टोनियातल्या एका टोळीने लोकांच्या कॉम्प्युटरमधली ही डिरेक्टरीच बदलून आपली बसवली. तुम्ही पत्ता बरोबर टाईप करणार, पण कुठे पोचायचं ते टोळी ठरवणार. नोव्हेंबर २०११ मध्ये एफबीआयने ‘ऑपरेशन घोस्ट क्लिक’ करून त्यांना पकडलं. तेव्हाचा हिशोब : शंभरएक देशांत सुमारे ४० लाख कॉम्प्युटर आणि किमान १ कोटी ४० लाख डॉलरची कमाई. म्होरक्या व्लादिमीर त्सास्तसिनला २०१६ मध्ये अमेरिकेत सात वर्षं तीन महिन्यांची शिक्षा झाली.

या प्रकरणातला मला सगळ्यात आवडणारा भाग अटकेनंतरचा आहे. टोळीचे सर्व्हर तडक बंद केले असते तर लागण झालेल्या लाखो लोकांचं इंटरनेटच त्या दिवशी बंद पडलं असतं. म्हणून कोर्टाच्या परवानगीने त्या जागी स्वच्छ सर्व्हर बसवले गेले आणि ते ९ जुलै २०१२ पर्यंत चालू ठेवले. लोकांना आपलं मशीन तपासून घ्यायला आठ महिने मिळाले. त्या अनोळखी लोकांना कोणी ‘काय क्लिक केलंत’ म्हणून दरडावलं नाही. आपण आपल्या बापाला आठ मिनिटं देत नाही.

"पण क्लिक तर त्यांनीच केलं ना?" हा प्रतिवाद येणारच. ठीक आहे, बघू या कोण काय क्लिक करतं ते.

२०१४ च्या उत्तरार्धात लेनोवोने विकलेल्या अनेक लॅपटॉपवर सुपरफिश नावाचं सॉफ्टवेअर कारखान्यातूनच टाकलेलं होतं. ते सुरक्षित, कुलूपवाल्या पानांतसुद्धा जाहिराती घुसवायचं, आणि त्यासाठी त्याने मशीनवर आपलं स्वतःचं प्रमाणपत्र बसवलं होतं, सगळ्या लॅपटॉपवर एकाच किल्लीचं! फेब्रुवारी २०१५ मध्ये हे उघडकीस आलं. इथे गिऱ्हाइकाने काय क्लिक केलं होतं? काहीच नाही. दुकानात जाऊन पैसे मोजले होते, बस्स.

जावाच्या अधिकृत इन्स्टॉलरबरोबर कित्येक वर्षं आस्क टूलबार यायचा, चौकटीत टिक आधीच केलेली. २०११ च्या डिसेंबरात एनमॅपच्या कर्त्याने जाहीर तक्रार केली, की डाउनलोड डॉट कॉम त्याचं मोफत सॉफ्टवेअर टूलबार चिकटवून वाटतंय. २०१५ मध्ये सोर्सफोर्जवर गिंपच्या विंडोज इन्स्टॉलरबाबत तसाच गदारोळ झाला. (२०१६ मध्ये नव्या मालकांनी तो प्रकार बंद केला.) या काही गल्लीबोळातल्या साइट नव्हत्या. ‘फक्त भरवशाच्या ठिकाणाहून डाउनलोड करा’ असं आपण घरच्यांना सांगायचो ना, तीच ही भरवशाची ठिकाणं.

आणि जून २०१७ मधलं फायरबॉल. चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने सांगितलं, की बीजिंगच्या राफोटेक नावाच्या डिजिटल मार्केटिंग कंपनीचं हे काम, जगभरात २५ कोटी कॉम्प्युटर बाधित, आणि त्यांत सर्वाधिक, अडीच कोटींच्या वर, भारतात. हा आकडा फुगवलेला आहे असं मायक्रोसॉफ्टने म्हटलं, तेव्हा तो मीठ लावूनच घ्या. पण प्रकार तोच : फुकट सॉफ्टवेअरच्या पाठीवर बसून आलेला हायजॅकर. अंधाऱ्या खोलीत हुडी घालून बसलेला हॅकर इथे कुठेच नाही. इथे ऑफिस आहे, एचआर आहे, टार्गेट आहे.

म्हणजे इथे आपण आहोत. हो, आपणच. माझ्या पहिल्या नोकरीत एका इन्स्टॉलरचं काम माझ्याकडे होतं. ‘पुढे’ हे बटण मोठं आणि रंगीत, ‘नको’ करड्या रंगात आणि बारीक, सोबतच्या ‘खास भेटी’च्या चौकटीत टिक आधीपासून. मी तेव्हा एवढंच पाहिलं, की बटणं सगळ्या रेझोल्यूशनला नीट बसतायत ना. टिक का, हे विचारलं नाही. कोणीच विचारलं नाही. तो स्क्रीन ज्यांच्यासाठी होता ती माणसं म्हणजे कोणाचे तरी बाबाच.

आणि आता २०२४ पासून पसरलेला नवा प्रकार बघा. ‘तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा’ असं पान येतं. विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. झालं! त्या पानाने गुपचूप कॉपी करून ठेवलेली कमांड तुम्ही स्वतःच्या हाताने चालवलीत. "एवढंही कळत नाही?" नाही कळत, कारण वीस वर्षं आपणच त्यांना शिकवलंय, की पुढे जायचं असेल तर समोर येईल ती चौकट मुकाट्याने मान्य करा. कुकीची परवानगी, कॅप्चा, अपडेट, अटी-शर्ती. आज्ञाधारकपणा आपण शिकवला, आणि आता तोच त्यांचा मूर्खपणा ठरवतो!

बरं, ‘फॉरमॅट मारा’चं काय? फॉरमॅट हा शेवटचा उपाय म्हणून वाईट नाही. खोलवर रुतलेलं काही असेल तर बॅकअप घेऊन तोच करावा. पण निदान न करता फॉरमॅट म्हणजे डोकं दुखतंय म्हणून डोकं बदलणं. बाबांच्या बाबतीत ते एक्स्टेंशन क्रोमच्या सिंकमध्ये बसलं होतं. मशीन पुसलं तरी अकाउंटमध्ये जिवंत, लॉगिन केलं की परत. फॉरमॅटने गेले फक्त लेख.

शनिवारी मी काय पाहिलं ते क्रमाने सांगतो, कामी येईल.

आधी घरच्या वायफायवर मोबाईलमध्येही तसंच होतंय का ते बघा, आणि मोबाईल डेटावर थांबतंय का. तसं असेल तर दोष कॉम्प्युटरचा नाही, राउटरचा असण्याची शक्यता दाट. राउटरमधला डीएनएसचा पत्ता तपासा, फर्मवेअर अपडेट करा, त्याचा अ‍ॅडमिन पासवर्ड बदला. (तो अजून ‘अ‍ॅडमिन’च असेल. पैज!)

कॉम्प्युटरवरच्या सगळ्या ब्राउझरमध्ये होत असेल तर विंडोजमध्ये बघा : प्रॉक्सी कोणी चालू करून ठेवलाय का, नेटवर्कचा डीएनएस, होस्ट्स फाईल, तारखेप्रमाणे लावलेली प्रोग्रॅमची यादी आणि टास्क शेड्यूलर. या शेवटच्याला लोक विसरतात. काढलेली गोष्ट दर वेळी लॉगिन केल्यावर परत येते ती बऱ्याचदा इथूनच.

एकाच ब्राउझरमध्ये असेल तर एक्स्टेंशन, सर्च इंजिन, सुरुवातीचं पान, नोटिफिकेशनच्या परवानग्या, आणि डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटच्या शेवटी चिकटवलेला एखादा पत्ता. घरच्या मशीनवर ‘तुमची संस्था’ दिसली तर हसू नका. कंपन्यांसाठी असलेल्या पॉलिसी रजिस्ट्रीत घुसवून एक्स्टेंशन सक्तीने बसवलेलं असू शकतं, आणि तसं असेल तर ते साध्या ‘रिमूव्ह’ने निघत नाही. आधी ती पॉलिसी काढायची, मग एक्स्टेंशन. आणि हे सगळं होईपर्यंत सिंक बंद.

मग विंडोज डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन. तो विंडोज १० आणि ११ मध्ये आहेच, वेगळे पैसे नाहीत. सोबत मालवेअरबाइट्सचं अ‍ॅडव्हक्लीनर. पण ते दुसऱ्या मशीनवर डाउनलोड करून पेनड्राइव्हवर आणा. ज्या कॉम्प्युटरचा सर्चच पळवलाय त्यावर ‘व्हायरस काढायचं सॉफ्टवेअर’ शोधणं म्हणजे त्याच रिक्षावाल्याला पोलीस चौकीचा पत्ता विचारणं. शेवटी, महत्त्वाचे पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून बदला.

मला एकूण दीड तास लागला. त्यातला बराचसा वेळ वाचला तो एका प्रश्नामुळे. या वेळी मी ‘काय क्लिक केलंत?’ असं विचारलंच नाही. विचारलं, "बाबा, त्या दिवशी तुम्हाला काय करायचं होतं?" आणि ते घडाघडा बोलायला लागले. स्मरणिका, फॉन्ट, हिरवं बटण, नंतर आलेली चौकट, तिच्यावर काय लिहिलं होतं, वार कुठला, सगळं. एवढी तपशीलवार बग रिपोर्ट मला ऑफिसात कोणी देत नाही. कोणावर आरोप केला की तो बचाव करतो. त्याचं काम विचारलं की माहिती देतो. हे आपल्याला प्रॉडक्शनमध्ये काही कोसळलं की बरोबर समजतं, तेव्हा आपण ‘दोष कोणाचा ते नको, काय झालं ते सांगा’ म्हणून मीटिंग घेतो. घरी आलो की विसरतो.

असो. बरंच लांबलं. येत्या शनिवार-रविवारी घरी जाणार असाल तर एक तास काढा. पेनड्राइव्ह न्या. लेखांचा, फोटोंचा बॅकअप घ्या. आणि ते वाक्य तेवढं गिळून टाका.

ता.क. : बाबांना हे वाचायला दिलं. म्हणाले, "सोसायटीचा जोक माझा होता, तसं लिही." लिहिलं.