युद्धकाळात नेतृत्वाला जाब विचारावा का? अथेन्स ते १९६२

१/८
युद्ध पेटले की एक वाक्य हमखास कानी पडते: ‘ही प्रश्न विचारण्याची वेळ नव्हे.’ लोकशाही रणांगणावर दुबळी ठरते, हा समज त्यामागे असतो. इतिहास मात्र वेगळे सांगतो.

२/८
प्राचीन अथेन्समध्ये दरवर्षी दहा सेनापती निवडले जात. नागरिक सभेत हात वर करून मत देत. फेरनिवडीस बंदी नव्हती, पण कारकिर्दीचा हिशेब द्यावाच लागे. मानोरा तालुक्यातील एखाद्या गावाच्या ग्रामसभेत सरपंचाला खर्च विचारला जातो, तसाच तिथे आरमाराचा आणि मोहिमेचा जाब विचारला जाई.

३/८
इ.स.पू. ४३१ मध्ये स्पार्टाशी युद्ध जुंपले. पेरिक्लीसने खेड्यांतील प्रजा तटबंदीच्या आत आणली. दाटीच्या त्या नगरात पुढच्याच वर्षी भीषण साथ पसरली. संतप्त नागरिकांनी त्याला पदच्युत करून दंड ठोठावला आणि लवकरच पुन्हा त्यालाच निवडले. चूक दुरुस्त करता आली, कारण माणूस जिवंत होता.

४/८
इ.स.पू. ४०६ मध्ये ती संधीही उरली नाही. आर्जिनुसीची सागरी लढाई अथेन्सने जिंकली. परंतु वादळात बुडणाऱ्या आपल्या माणसांना वाचवता आले नाही. प्रत्येकाचा स्वतंत्र खटला न चालवता आठ सेनापतींना एकत्रच दोषी ठरवले गेले. सॉक्रेटिसचा विरोध व्यर्थ गेला. हाती लागलेल्या सहांना मृत्युदंड झाला.

५/८
आता १९६२. चीनचे आक्रमण २० ऑक्टोबरला झाले. स्वपक्षीय खासदारांच्याच दबावामुळे संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात जावे लागले. सीमेवर युद्ध सुरू असतानाच ८ नोव्हेंबरला संसदेचे अधिवेशन भरले.

६/८
मुख्यमंत्रिपद सोडून यशवंतराव चव्हाण दिल्लीस गेले. महाराष्ट्राची सूत्रे विदर्भाच्या मारोतराव कन्नमवारांकडे आली. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे आपण अभिमानाने सांगतो. मात्र ती खुर्ची प्रश्न विचारणाऱ्यांमुळे रिकामी झाली होती, हे सांगायचे राहून जाते.

७/८
ऑगस्ट १९६३ मध्ये आचार्य कृपलानींनी लोकसभेतील पहिला अविश्वास ठराव मांडला. तो ३४७ विरुद्ध ६२ मतांनी फेटाळला गेला. सरकार टिकले, देशही दुबळा झाला नाही.

८/८
तरीही हिशेब अपुराच राहिला. पराभवाच्या चौकशीचा हेंडरसन ब्रूक्स-भगत अहवाल सरकारने आजतागायत अधिकृतपणे खुला केलेला नाही. अथेन्सने क्रोधाच्या भरात माणसे मारली. आपण माणूस बदलला आणि कारणे कपाटात ठेवली. युद्धकाळात जाब विचारणे हा द्रोह नव्हे. मात्र त्याचे उत्तर नागरिकांसमोर लेखी आले पाहिजे. सहा दशकांनंतर तरी तो अहवाल खुला व्हावा.