यंत्र मालकाचे, निदान कंपनीचे

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात खोदकामाच्या यंत्राला सरसकट पोकलेन म्हणतात. हे मुळात एका फ्रेंच कंपनीचे नाव. पण यंत्र कोणत्याही कंपनीचे असले तरी बोलीत ते पोकलेनच असते. तलावातील गाळ उपसण्यापासून घाटरस्त्याच्या रुंदीकरणापर्यंत आज या यंत्रावाचून पान हलत नाही. एकदोन यंत्रे बाळगून ती भाड्याने देणारा छोटा मालक या व्यवसायात ठिकठिकाणी आढळतो. त्याचे यंत्र बहुधा कर्जावर घेतलेले असते. कमाई तासाच्या हिशेबाने होते, हप्ता मात्र महिन्याच्या हिशेबाने भरावा लागतो, आणि यंत्र बंद पडले म्हणून हप्ता थांबत नाही. अशा मालकाच्या यंत्रातील बिघाड कोणी आणि किती दिवसांत शोधायचा, हा प्रश्न म्हणूनच केवळ कारागिरीचा राहत नाही. तो अर्थकारणाचा आणि काही अंशी न्यायाचाही आहे.

जुन्या यंत्राचा दोष अनुभवी मिस्त्रीला आवाजावरून, धुराच्या रंगावरून किंवा गळणाऱ्या तेलावरून कळे. आता इंजिनाला इंधन किती द्यायचे आणि हायड्रॉलिक पंपाने तेल किती सोडायचे, हे संगणकीय नियंत्रक ठरवतो. दाब, तापमान, वेग यांची खबर त्याला सेन्सर पुरवतात. चाकांवर चालणाऱ्या बांधकाम यंत्रांना १ एप्रिल २०२१ पासून चौथ्या टप्प्याचे आणि १ जानेवारी २०२५ पासून पाचव्या टप्प्याचे प्रदूषण-निकष लागू झाल्यावर हे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण त्यांच्यात अपरिहार्यच झाले. साखळीपट्ट्यांवर चालणारे पोकलेन त्या नियमांच्या कक्षेबाहेर असले तरी इंधन वाचवण्यासाठी तेथेही तीच रचना आली. हा बदल इष्टच आहे. पण त्याबरोबर बिघाडाची भाषाही बदलली, आणि ती सर्वांना वाचता येईल अशी व्यवस्था मात्र झाली नाही.

पडद्यावर उमटणारा दोषांक म्हणजे निदान, हा पहिला गैरसमज होय. अवजड वाहने व यंत्रे यांच्यासाठी सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या जे-१९३९ या संकेतपद्धतीत १०० हा क्रमांक इंजिनातील तेलाच्या दाबाचा आहे. त्याला जोडून ३ आला तर विद्युतदाब प्रमाणापेक्षा अधिक आणि ४ आला तर कमी, असा अर्थ होतो. म्हणजे दोषांक फक्त कोणत्या जोडणीत गडबड आहे ते सांगतो. दोष सेन्सरमध्ये आहे, वायरीत आहे, कनेक्टरमध्ये शिरलेल्या पाण्यात आहे की सैल झालेल्या अर्थिंगमध्ये आहे, हे तपासूनच ठरवावे लागते. अनेकदा काही सेन्सरांना एकच पाच व्होल्टचा पुरवठा समाईक असतो. त्यांपैकी एकाची वायर सांगाड्याला घासून उघडी पडली की पुरवठाच कोसळतो आणि तीनचार दोषांक एकदम झळकतात. उतावळा मिस्त्री तीनचार सेन्सर मागवतो. जाणकार मिस्त्री एकेक सेन्सर सोडवून पाच व्होल्ट केव्हा परत येतात ते पाहतो. नियंत्रकांना एकमेकांशी जोडणाऱ्या दोन तारांमध्ये, बॅटरी बंद करून, सुमारे ६० ओहम रोध मिळायला हवा. तो १२० दिसला तर एका टोकाचा रोधक किंवा तेथवरची तार तुटली असे समजावे. या तपासण्यांना साधा मल्टिमीटर पुरतो. परंतु कोणती तार कोठून कोठे जाते आणि कोणत्या टोकाला किती व्होल्ट अपेक्षित आहेत, हे सांगणारा नकाशा हाती नसेल तर मल्टिमीटर असून नसल्यासारखा होतो. आणि तो नकाशा व दोषांक वाचणारी संगणकप्रणाली कंपनी व तिचे अधिकृत विक्रेते यांच्यापुरतीच राहते, ही सार्वत्रिक तक्रार आहे.

मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ साली अशा सेवांचे विवेचन केले होते. दुरुस्तीची खरोखर किती गरज होती, हे ग्राहकाला पैसे मोजल्यानंतरही कळत नाही. शिवाय निदान करणारा आणि सुटे भाग विकणारा एकच असला की गरजेपेक्षा अधिक भाग विकण्याचा मोह बळावतो. यावर उपाय म्हणजे निदान दुसऱ्या कोणाकडून पडताळून घेता येणे. नेमकी तीच वाट येथे बंद आहे.

याची झळ केवळ मालकाला लागत नाही. २०१७ साली राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना सुरू झाली. गाळ उपसायचा तो पाणी उतरल्यावर आणि पाऊस येण्यापूर्वी. मे महिन्यात एका वायरीपायी यंत्र आठ दिवस उभे राहिले, तर तितका गाळ पुढल्या उन्हाळ्यापर्यंत तलावातच राहतो आणि ज्या शेतावर तो पडायचा ते शेतही वाट पाहते.

कायद्याच्या दृष्टीने हा प्रश्न नवा नाही. सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र कारागिरांना नाकारल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये चौदा मोटारकंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. वाद पुढे अपिलांत गेला. पण निदानाची साधने अडवणे हा स्पर्धेचा प्रश्न आहे, हे तत्त्व त्यातून मांडले गेले. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्यापुढील चार क्षेत्रांत शेतीची अवजारे, मोबाइल, टिकाऊ गृहोपयोगी वस्तू व मोटारी होत्या. बांधकाम यंत्रांचा स्वतंत्र उल्लेख नव्हता. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये कायदा करून शेतीयंत्रांच्या उत्पादकांवर दुरुस्तीची माहिती व साधने पुरवण्याचे बंधन घातले.

उत्पादकांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. प्रणाली खुली केली तर प्रदूषण-नियंत्रण बंद पाडले जाईल, सुरक्षिततेला बाध येईल, अशी भीती ते व्यक्त करतात. परंतु दोष वाचणे वेगळे आणि आज्ञावली बदलणे वेगळे. दुसऱ्यावर निर्बंध असावेत; पहिल्यावर असण्याचे कारण नाही. वायरिंगचा नकाशा, दोषांकांचा अर्थ आणि तपासणीची प्रमाण मूल्ये प्रत्येक खरेदीदाराला यंत्रासोबतच मिळावीत, आणि निदानाची प्रणाली स्वतंत्र कारागिराला वाजवी शुल्कात मिळावी. शासन स्वतः कंत्राटांच्या द्वारे या यंत्रांचे मोठे गिऱ्हाईक आहे. ही अट घालण्याची ताकद त्याच्यापाशी आहे.

अर्थात नुसती माहिती खुली करून भागणार नाही. बकेटला वेल्डिंग करताना बॅटरीची जोडणी न सोडवणे, सेन्सरला बगल देऊन यंत्र रेटणे, या सवयी नियंत्रकाचा बळी घेतात आणि त्यांचा दोष कंपनीला देता येत नाही. आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिक घडवताना पान्याइतकेच महत्त्व मल्टिमीटरला आणि विद्युत नकाशा वाचण्याला द्यावे लागेल. कर्ज मालकाने फेडायचे, जोखीम त्यानेच घ्यायची, आणि बिघडले काय हे जाणण्याचा अधिकार तेवढा विक्रेत्याकडे ठेवायचा, ही वाटणी मालकी या शब्दाला शोभणारी नाही.