खोकणारे बालक आणि खेळाचे मैदान

हेमंत-शिशिरात ठाणे, कल्याण व डोंबिवलीतील आपल्या चिकित्सालयांत कास-श्वासाने त्रस्त बालकांची गर्दी होते. अशा वेळी "महिनाभर खेळ बंद" असे पालकांना सांगण्याचा आपल्यापैकी अनेकांचा प्रघात आहे. प्रस्तुत लेखकही तेच सांगत असे. या सल्ल्याचा फेरविचार व्हावा, असे आता वाटते.

फुप्फुसांची क्षमता मुलींत साधारणतः अठराव्या वर्षापर्यंत व मुलांत विशीच्या आरंभापर्यंत वाढत असते. या काळात धावण्या-खेळण्याने श्वसनाचे स्नायू बलवान होतात, दम वाढतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षे वयात दररोज सरासरी ६० मिनिटे शारीरिक हालचाल सुचविते. मात्र धावणारे मूल विश्रांतीच्या अनेक पट हवा आत घेते, तीही पुष्कळदा तोंडाने. दक्षिण कॅलिफोर्नियातील १२ वस्त्यांच्या अभ्यासात (२००२) ओझोन अधिक असलेल्या ठिकाणी तीन वा अधिक खेळ खेळणाऱ्या मुलांत नव्याने दमा होण्याचे प्रमाण न खेळणाऱ्यांच्या तिपटीहून अधिक आढळले. ओझोन कमी असलेल्या ठिकाणी असा फरक दिसला नाही. दोष खेळाचा नव्हे, हवेचा होता. तेथील हवा सुधारल्यावर मुलांच्या फुप्फुसांची वाढही सुधारल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले.

आपल्याला हे अपरिचित नाही. चरकाचार्यांनी रज व धूम हे श्वासाचे हेतू सांगितले आहेत. उपाशीपोटी केलेला व्यायाम प्राणवह स्रोतोदुष्टीच्या हेतूंत गणला आहे. जनपदोद्ध्वंसाच्या कारणांत विकृत वायूचा निर्देश प्रथम येतो. ज्या डोंबिवलीने २०१४ मध्ये हिरवा पाऊस व २०२० मध्ये गुलाबी रस्ता पाहिला, तेथील वैद्याला याहून अधिक काय सांगावे?

तेव्हा वैद्यबंधू-भगिनींनी तीन प्रश्न अवश्य विचारावेत: मूल कोठे खेळते, केव्हा खेळते आणि काही खाऊन जाते का? थंडीत पहाटे धूर जमिनीलगत साचतो. ऊन वर आल्यावर, घोडबंदर मार्गासारख्या वाहत्या रस्त्यापासून व कारखान्यांपासून दूर, अर्धशक्तीपर्यंतच खेळ असावा. दम्याच्या बालकाचा चालू इनहेलर परस्पर बंद करू नये. औषधालय चालकांनीही त्याच मुलासाठी खोकल्याची बाटली वा सितोपलादी चूर्ण तिसऱ्यांदा मागितले गेल्यास ते देण्यापूर्वी वैद्यांकडे पाठवावे.

खेळ बंद करणे सोपे आहे. परंतु वाढीची ही वर्षे पुन्हा येत नाहीत. मैदानाभोवतालची हवा शुद्ध असावी, ही मागणी महापालिकेकडे लावून धरणे हेही आपल्या चिकित्सेचेच अंग मानावे.